चौथ्या गाठीवरच्या आसरा

माळसावंगीत कोंडीबाच्या घरात गुपित म्हणून काही राहत नसे. घरची माणसं फार सरळ मनाची होती असं मुळीच नाही. ती बहिरी होती. सुनेनं चुलीपाशी मीठ मागितलं की त्या घरातलं मीठ संपल्याचं पारावर बसलेल्यांना कळायचं. कोंडीबाचे दोन्ही कान जवळपास गेलेले, उजव्याशी ओरडलं तरच थोडं पोचायचं. त्याचा मुलगा मुंजाजी, त्याचा डावा पूर्ण गेलेला आणि उजवा निम्मा. चांगुणा कुरुंद्याहून या मुंजाजीची बायको होऊन आली तेव्हा पहिले पंधरा दिवस रडत होती, कारण तिला वाटे, ही माणसं दिवसभर एकमेकांवर खेकसतात. पुढे कळलं की तो त्यांचा लाडाचा आवाज आहे. दहा वर्षांत तिचाही गळा असा तयार झाला की माहेरी गेली की आई म्हणायची, बाई, जरा हळू, लोकांना वाटेल आपल्या घरात भांडणं लागली.

या घरात जन्मून अजून घरात असलेल्यांपैकी धड कान होते ते एकट्या अनसाला. चांगुणाची ही लेक आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, सात वर्षांची होणार होती. आणि कान तरी कसले! सेनगावची एसटी फाट्यावर वळायच्या आधी ती सांगे की आली. खुडूक कोंबडीखालच्या अंड्यात पिल्लू चोच मारू लागलं की हिला ते ऐकू येई, मग अंडं कानाला लावून ती तासभर बसे. संध्याकाळी आजोबा ओट्यावर बसले की ती त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन जगाची खबर ओरडून सांगायची. आबा, होला बोलून राहिला. आबा, पाटलाचं इंजिन चालू झालं. आबा, माय तुमच्यावरच करवादून राहिली. म्हातारा प्रत्येक खबरीला गंभीरपणे मान डोलवायचा, आणि आत भाकरी थापता थापता चांगुणाला हसू आवरत नसे.

गावाच्या उगवतीला, कोंडीबाच्या शेताच्या बांधाला लागून बारव होती. काळ्या दगडाची, चौकोनी, दगडावर दगड नुसता बसवलेला, चुन्याचं बोट कुठे लागलेलं नाही. कुणी बांधली ते सांगणारं कुणी उरलं नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात आसपासच्या विहिरींनी तळ दाखवला तेव्हा ही बारव अकरा पायऱ्या खाली गेली आणि तिथेच थांबली. त्याला आता चार वर्षं झाली होती, पण लोक अजून त्या अकराव्या पायरीला पाय लावत नसत. चांगुणानं बारव पहिल्यांदा पाहिली ती हळदीच्या अंगानं. पायऱ्या उतरताना ऊन मागे राहिलं, अंगाला गारवा लागला, आणि खाली पाणी इतकं स्थिर की त्यात आभाळाचा चौकोन कापून ठेवल्यासारखा. कुणी सांगायच्या आधीच तिचे हात जोडले गेले. तेव्हापासून रोज पाणी आणत होती, तरी शेवटच्या पायरीवर तिचा आवाज आपोआप खाली यायचा. कोंडीबाच्या घरातल्या बाईचा आवाज खाली येणं ही काही लहान गोष्ट नव्हती.

पायऱ्यांच्या समोरच्या भिंतीत, पाण्याखाली चार पुरुष, म्हणजे चार माणसं एकावर एक उभी राहतील इतका खोल, एक कोनाडा होता आणि त्यात साती आसरा होत्या, पाण्यातल्या सात बहिणी. डोळ्यांनी त्या कुणी पाहिलेल्या नव्हत्या, हातानंच पाहायच्या. कोंडीबाचा पणजा पुंजाजी सात वर्षांचा असताना बारवेत पडला, सगळ्यांनी आशा सोडली आणि मग तो आपणहून वर आला. सात बायांनी मला वर ढकललं, असं त्यानं सांगितलं. तेव्हापासून या घरातलं प्रत्येक लेकरू, पोरगा असो की पोरगी, सातव्या वर्षी आसरांना दाखवायला न्यायचं असं ठरलं.

न्यायची रीत अशी. बापानं लेकराला पाठीशी घ्यायचं, दोन्ही हातांनी एक जड दगड कवटाळायचा आणि पायरीवरून पाय सोडायचे. दगड दोघांना खाली ओढत नेतो. दगडाला दोर बांधलेला, दोराला एकेका पुरुषावर गाठ. घरातला वडील माणूस पायरीवर बसून दोर हातातून सोडतो आणि गाठी मोजतो. चौथी गाठ गेली की कोनाडा आला. लेकरानं हात लांब करून आसरांना लावायचा, बापानं दगड सोडून द्यायचा आणि दोघांनी वर यायचं. दगड जातो तळाला. तो मागाहून सावकाश ओढून घेतात.

वर आलेलं लेकरू कान धरून रडत असे. काय झालं विचारलं की सगळ्यांचं सांगणं एकच, फाटकन वाजलं आणि मग घंटा वाजत राहिली. कधी कानातून रक्ताचा थेंब येई. थेंब दिसला की नारळ फुटे, कारण आसरांनी कानात शब्द टाकला, लेकराला आपलं म्हटलं. ज्याच्या कानात देवाचा शब्द बसला त्याला माणसांचं बोलणं कमी ऐकू येणारच, अशी त्या घराची समजूत होती. मुंजाजीची बहीण जमनाबाई सातव्या वर्षी देवीच्या फोडांनी अंथरुणावर होती, म्हणून तिला नेलं नाही आणि पुढे ते राहूनच गेलं. ती नरसीला दिलेली. तिला भिंतीपलीकडची कुजबुज ऐकू येई, आणि घरातले सगळे तिची कीव करत की बिचारी आसरांची व्हायची राहिली. दहा वर्षं ही कीव चांगुणानंही मनापासून केली होती.

त्या वर्षी फाल्गुनात मुंजाजीचा डावा कान पुन्हा वाहू लागला आणि ठणक्यानं त्याची झोप उडाली. चांगुणा त्याला हिंगोलीला घेऊन गेली. तिथे नांदेडहून महिन्यातून एकदा कानाचे डॉक्टर येत. डॉक्टरांनी कपाळावरचा आरसा खाली ओढला, एका कानात पाहिलं, दुसऱ्यात पाहिलं आणि विचारलं, लहानपणी खोल पाण्यात बुडी मारली होती का? चांगुणाला हा माणूस अंतर्ज्ञानीच वाटला. तिनं सगळं सांगून टाकलं, दगड, गाठी, आसरा. डॉक्टर हसले नाहीत. तरुणपणी ते समुद्रकाठी नोकरीला होते आणि पाणबुड्यांचे कान त्यांनी पुष्कळ पाहिले होते.

त्यांनी तिला समजेल असं सांगितलं. कानाच्या आत एक पातळ पडदा असतो. खोल गेलं की पाणी तो आत दाबतं. जाणता माणूस आवंढे गिळतो, नाक धरून जोर करतो, मग घशातून कानात वारं जातं आणि पडद्याला आतून टेका मिळतो. लेकराची ती वाट बारीक असते, वारं वेळेवर पोचत नाही, आणि त्यात तुम्ही दगड धरून त्याला झपाट्यानं खाली नेता. मग पडदा फाटतो. कधी भरून येतो, कधी येत नाही, आणि नाही आला की कान असा जन्मभर वाहतो.

"फाटायच्या आधी कान दुखतो," डॉक्टर म्हणाले. "दुखला की तिथूनच मागं फिरायचं, हातभरही पुढं जायचं नाही. खरं विचाराल तर एवढ्या लहान लेकराला न्यायचंच नाही. आणि यांनीही आता कानात पाणी जाऊ द्यायचं नाही."

चांगुणानं घाईघाईनं सांगितलं की लेकराच्या कानांची काळजी आम्ही घेतो, सासूबाई तेलाचा कापूस घालून वरून मेण दाबतात, थेंब आत जात नाही. डॉक्टरांनी कपाळावरचा आरसा वर सरकवला. मग म्हणाले, ते तर आणखी वाईट. पाणी तो बोळाच आत रेटतं आणि पडद्याला हलायला जागाच राहत नाही.

शेजारी बसलेल्या मुंजाजीनं औषधाची बाटली हातात फिरवत विचारलं, काय म्हणून राहिले डॉक्टर? व्हरांड्यातल्या सगळ्यांनी माना वळवल्या. चांगुणा म्हणाली, औषध दोन वेळा टाकायचं म्हणतात. लग्नानंतर नवऱ्यापासून काही लपवण्याची तिची ही पहिलीच वेळ.

परतीच्या एसटीत ती त्याच्या कानाकडे बघत बसली. तिची श्रद्धा उडाली असं कुणी समजू नये. आसरांबद्दल तिच्या मनात तिळभरही कमी-जास्त झालं नव्हतं. तिला राग आला होता तो स्वतःचा. सुनांना आसरांकडे नेत नाहीत, सुना ऐकतात. जमनाबाईला नेलं नाही, जमनाबाई ऐकते. दहा वर्षं हे डोळ्यांसमोर होतं आणि तिनं ते पाहिलं नव्हतं. आखाजीला आता दीड महिनासुद्धा उरला नव्हता.

त्या घरात कुजबुज करता येईल असं माणूस एकच, सासू जनकाबाई. दोघी बहिऱ्या माणसांसमोर बसून त्यांच्याचबद्दल बिनघोर बोलायच्या, आणि दोघींचं एकमेकींशी जमायचं त्याचं निम्मं कारण हेच होतं. जनकाबाई ओसरीवर वाती वळत होती. चांगुणानं जवळ बसून डॉक्टरांचं सगळं सांगितलं. म्हातारी ऐकत होती आणि वळत होती. बोळ्याचं सांगितलं तेव्हा तिचे हात थांबले.

"मेण म्याच लावलं," ती म्हणाली. "मुंजाला लावलं. त्याच्या आदी व्यंकटला लावलं. पाणी जाऊ नये म्हणून अंगठ्यानं दाबून दाबून लावलं."

व्यंकट तिचा थोरला. सेनगावच्या रस्त्यानं चालला होता, मागून ट्रक आला. ट्रक हॉर्न वाजवत आला होता असं तेव्हा सगळे सांगत होते. जनकाबाईनं उरलेला कापूस पिशवीत भरला आणि उठून गेली. त्या दिवशी देवापुढे दिवा चांगुणानं लावला.

मुंजाजीला सांगायचं तर शेत गाठणं भाग होतं. भर दुपारी, आजूबाजूच्या शेतांत कुणी नाही असं पाहून चांगुणा भाकरी घेऊन गेली. तो कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटत होता. तिनं त्याच्या उजव्या कानाशी उभं राहून सगळं ओरडून सांगितलं, इतकं की बाभळीवरचे होले उडाले. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं. मग बांधावर बसला.

"डॉक्टरचं खरं असंल," तो म्हणाला. "पर तुला सांगू का. म्या बाच्या पाठीवर व्हतो. पाणी आदी हिरवं दिसलं. मंग निळं. मंग असं झालं की डोळे उघडे हायेत का झाकलेले तेच कळंना. अन् हाताला तोंड लागलं. दगडाचं बारकं तोंड. नाक लागलं, व्हट लागले. थंडगार. चांगुणा, तेवढं मोठं मला पुन्हा काईच भेटलं न्हाई. एक कान गेला तर गेला. अनसाला ते देऊ नको म्हणतीस?"

चांगुणा तरी तसं कसं म्हणणार? त्याच पाण्याशी ती रोज हात जोडून उभी राहत होती, आणि आपल्याला तिथे कधीच कुणी नेणार नाही याचं तिला आतून वाईट वाटत होतं. नवऱ्याच्या चेहऱ्यावर आत्ता जे होतं ते तिनं दहा वर्षांत पाहिलं नव्हतं. शेवटी ती एवढंच म्हणाली की बोळे नकोत, आणि कान दुखला की लेकरू तुमच्या खांद्याला चिमटा घेईल, तो बसला की फिरा.

"आसराच्या दारातून मागं फिरू?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"बघू," मुंजाजी म्हणाला आणि पुन्हा पऱ्हाट्यांना लागला. त्याच्या या 'बघू'मधून काय निघेल ते दहा वर्षं संसार करूनही तिला सांगता येत नसे.

कोंडीबाला सांगायचं तर तिची जीभ उचलत नव्हती. सासरा रागीट असता तर सोपं गेलं असतं. तो बिचारा दोन महिन्यांपासून अंबाडीचा नवा दोर वळत होता, नातीच्या अंगाशी धरून पुरुष मोजायचा आणि हसायचा, कारण तिचे दोन केल्याशिवाय एक पुरुष भरत नव्हता. अशा माणसाच्या कानाशी तोंड नेऊन, साऱ्या गावाला ऐकू जाईल असं, तुमी तुमच्या लेकराचा कान फोडला म्हणून कसं ओरडायचं? तिनं दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा ओट्यावरून परत आली.

मग तिनं लेकीला धरलं. अनसाला पोहता येत होतं, पाठीला सुका भोपळा बांधून ती पाचव्या वर्षीच शिकली होती. चांगुणानं तिला बारवेच्या पायरीवर बसवून बजावलं की दुखायला लागलं की वाट बघायची नाही, जोरात चिमटा घ्यायचा. अनसानं विचारलं, आसरांना हात लागायच्या आदीच दुखलं तर? तरी घ्यायचा. मग आबाला वाईट वाटेल, अनसा म्हणाली. चांगुणानं तिला जवळ ओढलं आणि उगाच तिची वेणी पुन्हा घातली.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी, ऊन बारवेच्या बरोबर डोक्यावर आलं तेव्हा घरची माणसं उतरली. वरच्या पायऱ्यांवर भावकीतले पाच-पंचवीस लोक बसले होते. कोंडीबानं धुतलेलं धोतर नेसलं होतं, नवा दोर मांडीवर घेतला होता. जनकाबाईनं अनसाला समोर घेतलं, कानांना तेल चोळलं, बोळे वाटीतून उचलले आणि बोटं कानाशी नेऊन दाबल्यासारखं केलं. हात खाली आला तेव्हा मूठ मिटलेली होती. एवढं फक्त चांगुणानं पाहिलं. सासूच्या कपाळावर घामाचे थेंब होते आणि ती सुनेकडे बघत नव्हती.

मुंजाजी कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला. अनसानं त्याच्या गळ्याभोवती हात टाकले, पायांनी कंबर धरली. भावकीतल्या दोघांनी दगड त्याच्या हातात दिला. त्यानं एकदा पायऱ्यांकडे पाहिलं, कुणाकडे ते कळलं नाही, आणि पाय सोडले.

पाणी मिटलं. काही क्षण ऊन आत उतरताना दिसत होतं, चार भिंतींना धरून, हिरवं होत होत. त्या हिरव्यात मुंजाजीची पाठ दिसली, पाठीवर अनसाच्या लाल परकराचं फुगलेलं कापड दिसलं, मग तो लाल रंग काळसर झाला, मग नुसता ठिपका, आणि मग काहीच नाही. चांगुणाच्या अंगावर काटा आला. आपल्या पोटातून निघालेलं एवढंसं पोर जिथे ऊनही पोचत नाही तिथे चाललं होतं, आणि तिथे शेकडो वर्षं अंधारात बसलेल्या सात जणी तिची वाट पाहत होत्या. भीती कुठली आणि भक्ती कुठली हे तिला वेगळं काढता येत नव्हतं. तिनं हात जोडले आणि आसरांना मनातल्या मनात म्हटलं, बायांनो, तिला बघा, पण तिला तशीच परत द्या.

कोंडीबाच्या बोटांतून दोर सरसर चालला होता.

"एक," तो म्हणाला. थोड्यानं म्हणाला, "दोन."

चांगुणाचे डोळे आता दोरावर होते. आता थांबेल, आता थांबेल, असं म्हणता म्हणता तिसरी गाठ त्याच्या बोटांना लागून पाण्यात गेली. दोर तसाच चालला होता, उलट जास्तच जोरात. म्हणजे त्यानं ऐकलं नाही. 'बघू'मधून हे निघालं. चौथी गाठ गेली तेव्हा म्हाताऱ्यानं मान वर करून आभाळाकडे पाहिलं. "पोचली माझी बाई," तो म्हणाला, आणि वरच्या पायरीवर कुणीतरी नारळ हातात घेतला. चांगुणा खाली बसली. उद्यापासून आपल्या लेकीशीही ओरडून बोलावं लागेल, अंड्यातलं पिल्लू तिला आता कधी ऐकू येणार नाही, एवढंच तिच्या डोक्यात येत होतं.

दोर ढिला पडून थांबला, तोच पाणी फुटलं. मुंजाजीचं डोकं वर आलं, त्याच्या मानेमागून अनसाचं. ती खोकत होती, नाकातोंडातून पाणी काढत होती. चांगुणानं आधी पाहिले ते तिचे हात. हात बापाच्या गळ्यात होते, कानांवर नव्हते.

कोंडीबानं दोर बाजूला टाकला आणि दोन पायऱ्या उतरून पाण्यात आला. "लागला का हात, बाई?" त्यानं विचारलं. अनसानं मान हलवली, नाही म्हणून. तो समजुतीनं हसला. पोर गांगरलं असेल. चौथी गाठ त्यानं स्वतःच्या बोटांनी सोडली होती.

मुंजाजी पायरी धरून होता, फुटक्या कानात पाणी जाऊन त्याला घेरी आली होती. दम घेऊन तो म्हणाला, "दगड गेला, बा. आमी न्हाई. आमी दुसऱ्या गाठीच्या खालूनच फिरलो. तिचा कान दुखला, तिनं चिमटा घेतला."

त्याचा दंड, खांदा, सगळं पाण्यानं चमकत होतं, आणि खांद्यावर नखांचा लाल चंद्र उठला होता. नारळ हातातच राहिला.

"कान दुखतोच," कोंडीबा म्हणाला. "समद्यांचा दुखतो."

"माझा बी दुखला व्हता, बा. म्या बी चिमटा घेतला व्हता. तुमच्या खांद्याला. दोनदा."

मुंजाजी नेहमीच्या मोठ्या आवाजातच बोलला होता, आणि बारवेच्या चारही भिंतींनी ते शब्द परत केले. त्या घराचं सगळं नेहमीच गावाला ऐकू जायचं, तसं हेही गेलं. कोंडीबाचा हात आपोआप स्वतःच्या उजव्या खांद्याकडे गेला आणि तिथेच राहिला. चांगुणाला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की ते त्याला तेव्हाही कळलं होतं. त्या दोन चिमट्यांची जागा तो बत्तीस वर्षं विसरला नव्हता.

"मला वाटलं भ्यालास," तो म्हणाला. "मला वाटलं, थोडंच ऱ्हायलं…"

त्यानं बायकोकडे पाहिलं. जनकाबाईनं मूठ उघडली. तळहातावर मेणाचे दोन बोळे होते, उष्णतेनं मऊ होऊन चपटे झालेले. म्हातारा त्यांच्याकडे पाहत राहिला. मग नातीच्या कानांकडे. व्यंकटचं नाव त्या नवरा-बायकोच्या मध्ये येऊन बसल्याचं चांगुणाला दिसलं, आणि तिला मान वळवावी लागली.

यातलं काही अनसाला ठाऊक नव्हतं. तिला एकच काळजी होती की आबाला वाईट वाटलं. ती ओल्या परकरानं पायऱ्या चढून आजोबांच्या उजव्या कानाशी आली.

"आबा, खाली वाजतं," ती ओरडून म्हणाली. "भिंतीतून पाणी येतं ना, ते वाजतं. लई ठिकाणी वाजतं. बाचं काळीज धाड धाड वाजून राहिलं व्हतं. अन् दगड सोडला तो पार खाली जाऊन आपटला, ते बी आलं ऐकू. अन् समदी बारव गुणगुणते, आबा. आपल्या जात्यासारखी. म्या हात न्हाई लावला, पर म्या ऐकलं."

चांगुणाला आता उमगलं. पुंजाजीनंतर आजपर्यंत या घरातली जी जी लेकरं तिथे गेली त्या प्रत्येकाच्या कानात बोळे होते. बारव गुणगुणते हे त्यांच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. आसरांचा शब्द म्हणून पिढ्यानपिढ्या सांगत आले तो फाटलेल्या पडद्याचा आवाज होता, आणि खरा आवाज तिथे तेव्हाही होता, आत्ताही होता, त्यांच्या पायांखाली.

कोंडीबा सावकाश गुडघ्यांवर बसला. मग आडवा झाला, धुतलेल्या धोतरासकट ओल्या पायरीवर, आणि बारवेच्या दगडाला त्यानं उजवा कान लावला. तो बराच वेळ तसाच होता. मग त्यानं कूस बदलून डावा कान लावला. उठून बसला तेव्हा गालाला शेवाळ लागलं होतं.

"मला न्हाई येत ऐकू," तो म्हणाला. साऱ्या जन्मात हे त्यानं कुणापाशी असं म्हटलं नव्हतं. बहिरेपण तो मिरवत आला होता. "अनसा, कसं वाजतं ते तू सांग मला."

अनसानं त्याच्या कानाशी तोंड नेलं, ओठ मिटले आणि पाण्याखाली ऐकलं होतं तसं गुणगुणू लागली. म्हाताऱ्यानं डोळे मिटले. त्याला त्यातलं किती पोचत होतं कुणास ठाऊक. मधेच तिचा श्वास संपला की तो तिचा हात दाबायचा, आणि ती पुन्हा सुरू करायची.